न वाचलेली नोंद

“त्या खोलीत मी जे बोलले, ते कुणीतरी मलाच लिहून पाठवलंय.” मुख्याध्यापिकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. “वर धमकी. राजीनामा द्या, नाहीतर साऱ्या शाळेला कळेल.”

खोली समुपदेशक बाईंची. भाऊजींनी तत्परतेने चष्मा चढवला. “वहिनी, आधी यांची फाइल वाचू.”

“एक चोरी शोधायला आलोय भाऊजी, दुसरी करायला नाही.” गुप्तहेर म्हणून वहिनींचा शहरभर लौकिक होता, भाऊजींचा, त्यांचे दीर एवढाच. “मजकूर नको, मॅडम. एवढंच सांगा, बाईंच्या नोंदीत नसलेलं काही त्या धमकीत आहे?”

मुख्याध्यापिका चमकल्या. “एक वाक्य. बोलून गेले आणि लगेच म्हटलं, हे लिहू नका. त्यांनी नाही लिहिलं.”

समुपदेशक बाईंच्या कानांत श्रवणयंत्रं होती. समोरच्याचे शब्द टेबलावरच्या बोटाएवढ्या बिनतारी माइकमधून थेट तिथे उतरत. “त्या दिवशी आवाज सारखा तुटत होता,” त्या ओशाळल्या. “आदल्याच आठवड्यात आमच्या संगणकवाल्या दादांनी माइक दुरुस्त करून दिला होता, तरी!”

बाहेर बसणारी स्वागतिका फणकारली. “माझ्यावर संशय? आतलं बोलणं झाकायला दाराशी ते घोंघावणारं यंत्र आहे, एक अक्षर ऐकू येत नाही. विचारा दादांना, तेव्हा इथेच होते. हेडफोन लावून अशी समाधी, की चहा विचारला तरी पत्ता नाही!”

संगणक सांभाळणारे दादा हसले. “नोंदींना कुलूप मी बसवलं, किल्ली बाईंकडे. आणि माझी बायको या मॅडमच्याच हाताखाली उपमुख्याध्यापिका. मी कशाला त्यांच्या वाटेला जाऊ?”

“म्हणजे कुणीच नाही,” भाऊजींनी निकाल दिला.

वहिनींनी सर्वांना आत बसवलं. “ते वाक्य लिहिलंच गेलं नव्हतं. म्हणजे चोराने वाचलं नाही, ऐकलं. दाराबाहेर ऐकू येत नाही, उरला माइक. त्याचा आवाज तुटत होता, कारण तो आणखी कुणाच्या तरी कानांत जात होता. कान झाकून कोण बसलं होतं? आणि मुख्याध्यापिकांची खुर्ची रिकामी झाली, तर कुणाच्या घरी जाते?”

त्यांनी माइकची कळ दाबली. दादांच्या गळ्यातल्या हेडफोनवर निळा दिवा उजळला.

“दुरुस्तीत हेडफोन जोडला, तोडायचा राहिला,” दादा पुटपुटले. “सहज कानांवर पडलं.”

“पडलं, तो अपघात. हेडफोन उतरवला नाहीत, तिथून गुन्हा.”

दादांना समुपदेशक बाईंनी पोलिसांच्या स्वाधीन केलं. मुख्याध्यापिकांनी बाहेर येऊन वहिनींचे दोन्ही हात धरले.

“तुम्हाला अजूनही ठाऊक नाही, मी काय बोलले होते?”

“नाही.”

“याचे उपकार कसे फेडू?”

“आत जा,” वहिनी म्हणाल्या. “अर्धवट राहिलंय ना बोलायचं?”

भाऊजींनी चष्मा उतरवला आणि उठून त्यांच्यासाठी दार धरलं.