कोमट बॉनेट

बॉनेटवर ठेवलेला हात मी उचलला नाही, आणि गाडी विकायला काढलेला तो माणूस त्या हाताकडेच बघत राहिला.

पत्रा कोमट होता. उन्हाचा प्रश्नच नव्हता. गाडी शेडच्या आत उभी होती आणि बाहेर ढगाळ सकाळ होती. ती ऊब आतून येत होती, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाच्या गालाला असते तशी. शेडवर वाकलेल्या फांदीवरून रात्रीच्या पावसाचं पाणी थेंबाथेंबानं गळत होतं.

जुनी गाडी घ्यायची तर इंजिन गार असताना पाहावी, हे आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांनी मला बजावून सांगितलं होतं. रात्रभर निजलेलं इंजिन सकाळी जागं होताना आपली सगळी दुखणी कण्हून सांगतं. एकदा तापलं की कुठलंही इंजिन गोड बोलू लागतं. म्हणून लबाड विकणारे गिऱ्हाईक यायच्या आत गाडी फिरवून आणतात. “बॉनेट कोमट लागलं तर चहालासुद्धा थांबू नकोस,” काका म्हणाले होते.

“तुम्ही गाडी चालू केली होतीत,” शेवटी मी म्हणाले.

“हो.”

“मी येणार हे माहीत असताना?”

“तुम्ही येणार म्हणूनच.” मग त्याचं त्यालाच ते कसं ऐकू आलं असेल कोण जाणे, तो गडबडला. “म्हणजे... तसं नाही. फोनवर तुमचा आवाज ऐकला तेव्हाच वाटलं, ही बाई गाडी घेऊन जाणार. म्हणून एकदा, शेवटचं... टेकडीपर्यंत जाऊन आलो.”

मी त्याच्याकडे पाहिलं. ओलसर केस, बाह्या दुमडलेला सदरा, आणि चेहऱ्यावर पकडल्या गेल्याची लाज. खरं सांगणाऱ्याची लाज आणि खोटं बोलणाऱ्याची लाज वरून सारखीच दिसते, हीच तर पंचाईत असते. मी पर्स खांद्याला लावली.

“थांबा,” तो म्हणाला. भिंतीवरच्या खिळ्यावरून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यानं माझ्यापुढे धरला. “ही गाडीची, ही शेडची. दुसरी जोडी नाही. आज तुमच्याकडे राहू द्या. उद्या सकाळी शेड तुम्हीच उघडा, गाडी तुम्हीच चालू करा.”

“आणि रात्रीच येऊन पळवली तर?”

“हिचा आवाज ऐकलेला नाही तुम्ही. सगळी वस्ती तुमच्या मागे लागेल.” तो पहिल्यांदा हसला. “आणि एक आत्ताच सांगून ठेवतो. गार असताना चालू केली की क्षणभर खडखडते. इंजिनातली साखळी सैल झालीय. आज ते तुम्हाला ऐकू आलं नसतं.”

त्या रात्री किल्ल्या उशाशी ठेवून मी झोपले. एका अनोळखी माणसाचा विश्वास असा धातूचा, थंड आणि थोडा टोचणारा असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पत्रा गारठलेला होता. मी किल्ली फिरवली. गाडी खोकली, खडखडली, नि मग एकाएकी तिचा आवाज खोल, भरदार झाला. तो दाराशी डोळे मिटून उभा होता. जणू कुणाला निरोप देताना चेहऱ्याऐवजी आवाजच तेवढा जवळ ठेवून घेत होता.

“मग विकता कशाला?” मी न राहवून विचारलं.

“आईचे गुडघे.” त्यानं गाडीच्या बुटक्या दाराकडे बोट दाखवलं. “हिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. बसवायला एक माणूस, ओढून काढायला दोन. आई बाहेर जायचीच थांबली... आता उंच गाडी घेतोय. दोन गाड्या परवडायच्या नाहीत.”

मी घासाघीस करायची ठरवून आले होते. त्यानंतर ती जमली नाही.

*

मी कवळ्या बनवते. दिवसभर मेणात दात रचायचे, हिरडीची वळणं कोरायची, कडा घासून गुळगुळीत करायच्या. ज्यांचं हसू माझ्या बोटांतून जातं, त्यांना हसताना मी कधी पाहिलेलं नाही. असं वर्षानुवर्षं परक्यांच्या तोंडात आयुष्य घालवल्यावर मला एक गोष्ट हवी होती, जिचा कुणाला काडीचा उपयोग नसावा आणि जी फक्त माझी असावी. दोन माणसांची, कापडी छताची, रंग विटून शेवाळी झालेली ती गाडी म्हणजे नेमकी ती गोष्ट होती.

मला लहानाचं मोठं केलं ते मावशीनं. तिनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

“दोनच जागा? मग मी काय डिकीत बसू?”

“तू माझ्या शेजारी.”

“मी आहे तोवर. पुढे त्या जागेवर कोण, ते आधी बघायला हवं होतंस. लोक आधी माणूस बघतात, मग गाडी.” तिनं चाकाला पायाच्या अंगठ्यानं टोचलं. “चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. लिहून ठेव.”

लिहून ठेवायची गरज पडली नाही. पहिल्याच पावसाळी दिवशी छतातून नेमकं माझ्या डाव्या गुडघ्यावर पाणी ठिबकू लागलं. मग वायपर रुसला. मग तेलाचा एक काळा, गोल डाग अंगणात रोज सकाळी उमटू लागला. जुन्या गाडीसाठी साठवलेले सगळे पैसे तिच्या किमतीत घालू नयेत, दुरुस्तीला मागे ठेवावेत, हा काकांचा दुसरा सल्ला. मी तो पाळला होता, पण ती गंगाजळी उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी खाली जात होती.

छताच्या गळतीबद्दल विचारायला मी त्याला फोन केला. तो रविवारी सुई, मेणदोरा आणि रबराची पट्टी घेऊन हजर झाला. पुढच्या रविवारी वायपरसाठी आला. त्याच्या पुढच्या रविवारी काय बिघडलं होतं, ते आता आठवत नाही... बहुधा काहीच नाही.

तो लोकांची श्रवणशक्ती तपासायचा. बंद काचेच्या खोलीत माणसाला बसवून बारीक, अधिक बारीक आवाज पाठवायचा, आणि कुठला आवाज हरवला ते शोधायचा.

“एक दातवाली, एक कानवाला,” मावशी स्वयंपाकघरातून ओरडली. “आता नाक-घसा तेवढा आणा, म्हणजे दवाखानाच टाकू.”

तो मोठ्यानं हसला, आणि मी नको तितका वेळ पाना शोधत राहिले.

एका रविवारी छताची शिवण तपासायला म्हणून आम्ही मुद्दाम भुरभुर पावसात निघालो. मी चालवत होते, तो शेजारी. पाणी ठिबकत नव्हतं. काचांवर आमच्या श्वासांची वाफ धरली होती. टेकडीच्या चढावर इंजिन अचानक बंद पडलं आणि गाडी सावकाश, मानभावीपणे मागे सरकू लागली.

“अरे, बघतोस काय! ओढ ना तो ब्रेक!” मी किंचाळले.

त्याचा हात आणि माझा हात एकदमच त्या दांड्यावर पडले. गाडी थांबली. पाऊस मात्र चालू होता.

“तुम्ही मला ‘अरे’ म्हणालात,” तो म्हणाला.

“घाईत म्हणाले.”

“मग घाईतच राहू द्या.” हात तिथेच होता, त्याचाही. “राहू दे,” त्यानं सुधारलं, अगदी हळू, त्याच्या त्या काचेच्या खोलीत शेवटचा सूर पाठवावा तसं. मला तो ऐकू आला.

*

हिवाळ्याच्या तोंडाशी गिअर अडकू लागले. काकांनी गाडी ठेवून घेतली. गिअरबॉक्स उघडायचा, सुटे भाग मिळतील तिथून मागवायचे. वेळ लागेल, म्हणाले. तसं मी त्याला फोनवर कळवलं.

त्या रविवारी मी सकाळपासून अंगणात होते. तेलाचा जुना डाग तेवढा तिथे उरला होता. फाटक वाजलं की मी पाहायची. दूधवाला, शेजारीण, वारा. तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. फोन करावा, तर काय म्हणून? आजवरच्या प्रत्येक फोनला गाडीचं काहीतरी निमित्त होतं.

सोमवारी कामावर जाताना मी गॅरेजमध्ये डोकावले.

“तो तुझा कानवाला आला होता काल,” काका हात पुसत म्हणाले. “त्याआधीच्या रविवारीही. बराच वेळ बसून होता गाडीपाशी. जीव आहे हो पोराचा हिच्यावर.”

काकांनी किती सहज सांगितलं ते! मी हसून मान डोलावली आणि चालू लागले. गाडी जिथे असेल तिथे तो जातो — एवढं साधं समीकरण मला इतके दिवस कसं सुटलं नव्हतं? मी कुणाची तरी आठवण सांभाळणारी शेड होते. फक्त थोडी बोलकी.

त्याच आठवड्यात त्याची आई माझ्या कामाच्या जागी आली. काठी टेकत, एकेक पायरी गुडघ्यांची समजूत काढत चढली. मी खुर्ची पुढे केली.

“दात बघायला नाही आले हो,” ती म्हणाली. “माझे अजून माझेच आहेत. मी गाडीचं बोलायला आले.”

“काकू, पाणी घ्या आधी.”

“माझ्यापायी विकली त्यानं. मला बोलला नाही, पण आई आंधळी नसते. आता माझ्याकडे थोडं साठलंय. तू दिलेस त्याहून जास्त देईन, वर दुरुस्तीचाही खर्च. मला त्याला ती परत द्यायचीय.” तिनं माझा मेणानं माखलेला हात धरला. “त्याला विचारू नकोस. तो नकोच म्हणेल, त्याला माझ्या जिवाची काळजी. तुझ्या मनाला विचार. रविवारी मी येईन, तेव्हा सांग.”

व्यवहार सोन्यासारखा होता. माझी गंगाजळी तळाला गेली होती, आणि काकांनी गिअरबॉक्सनंतर टायरांकडेही बोट दाखवलं होतं. मावशीला सांगितलं, तेव्हा ती प्रथमच गाडीच्या विरोधात बोलली नाही.

“दिलीस तर तुला काय उरेल?” एवढंच तिनं विचारलं.

तोच तर प्रश्न होता. माझ्या आयुष्यात हट्टानं आणलेली एकुलती एक वस्तू जाईल. आणि तिच्याबरोबर, तिच्यासाठी येणारा माणूसही.

*

शनिवारी गाडी परत आली. रविवारी सकाळी फाटकाशी उंच गाडी थांबली. तो उतरला, आई आतच बसून राहिली. “तुम्ही चालू द्या,” तिनं खिडकीतून हात हलवला, “मी इथूनच बघते.” तिची नजर माझ्यावर होती.

मी गाडी चालू करून बॉनेट उघडलं. आम्ही दोघं आत वाकलो. तो कान देऊन ऐकत होता, मी तेल मोजायची पट्टी पुसत होते. पुसून झालेली पट्टी पुन्हा पुसत होते.

“गप्प का?” त्यानं विचारलं.

“तू गॅरेजमध्ये गेला होतास. दोन्ही रविवारी.”

“हो.”

“गाडीसाठी.”

“गाडीसाठी?” तो सरळ झाला, आणि बॉनेटच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं. “आई गं... अगं, तू तिथे असशील म्हणून. गाडी उघडलीय नि तू बघायला येणार नाहीस, हे मला पटेचना. संध्याकाळपर्यंत थांबलो. काकांनी दोनदा चहा पाजला.”

“मी इथे अंगणात होते.”

“गाडी नसताना?”

“हो, गाडी नसताना.”

इंजिन एका लयीत चालू होतं. आम्ही दोघंही त्याच्याकडे पाहत राहिलो, एकमेकांकडे पाहायचं धाडस होत नसलं की माणसं जशी समोरच्या कशाकडेही पाहतात तसे. पण अजून एक गोष्ट उरली होती, आणि ती फाटकाशी बसून माझी वाट पाहत होती.

“आईंना ही गाडी परत घ्यायचीय. तुझ्यासाठी,” मी म्हणाले. “तुला विचारू नको म्हणाल्या होत्या. मी विचारतेय. देऊ?”

त्याच्या चेहऱ्यावरून एक सावली गेली. लोभाचीच होती, मी ती ओळखली, आणि ती लपवली नाही म्हणून तो मला अधिकच आवडला. त्यानं फाटकाकडे पाहिलं. मग विटलेल्या शेवाळी पत्र्यावरून एकदा हात फिरवला.

“नको,” तो म्हणाला.

“आईंचं वाईट वाटायला नको म्हणून?”

“नाही.”

“मला गाडी आवडते म्हणून?”

“तेही आहे. पण नाही.” त्यानं बॉनेटची कड धरली. “ती परत माझ्या शेडमध्ये उभी राहिली, तर... तर रविवारी मी कुठं यायचं?”

माझ्या हाताला तेल होतं, कपाळावर बहुधा काळा ओरखडाही. उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं, तर भलतंच काहीतरी निघालं असतं. हसू, नाहीतर रडू. मी फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि वळले.

“अगं, बोल तरी काहीतरी. कुठं चाललीस?”

मी थांबले नाही; आधी फाटकाशी उत्तर द्यायचं होतं. उंच गाडीची काच आधीच खाली झाली होती, आणि त्याची आई माझ्या चेहऱ्याकडे पाहून, मी तिथवर पोहोचायच्या आधीच, हळूहळू हसू लागली होती.