कठड्याला पाच हात

"अहो काका, जरा बाजूला होता का? माझ्या फ्रेममध्ये येताय!"

काका वळले आणि मी जीभ चावली. जुना रंग खरवडून त्याची पांढरी पूड डोक्यावर बसली होती, म्हणून पाठीमागून केस पिकलेले वाटले. समोरून बघते तर जेमतेम तिशीचा, हातात ब्रश, गालावर खळी.

"काका?" तो म्हणाला. "बाई, अजून लग्न व्हायचंय माझं!"

मेले मी... धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पाण्याकाठची ती जुनी सार्वजनिक बाग. कुरकुरणारे झोपाळे, निखळलेल्या फळ्यांचे बाक, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजलेला लांबच लांब लोखंडी कठडा. तिथल्या रोजच्या आयुष्यावर माझी मावसबहीण माहितीपट करत होती. दिग्दर्शन, संकलन ताईचं, कॅमेरा माझा. माझं पहिलंच काम! ते बिघडलं असतं तर ताईने मला पुन्हा कॅमेऱ्याला शिवू दिलं नसतं. आणि हा कठडा रंगवणारा रंगारी रोज नेमका माझ्यासमोर!

"तिकडचं रंगवा ना आधी," मी म्हणायचे.

"तिकडे गेलो तर तुम्ही ओरडणार कुणावर?"

"मला ओरडायची हौस नाही."

"मला ऐकून घ्यायची आहे ना..." आणि वर खुशाल हसायचा.

मी नाक मुरडून मास्तरांकडे वळायचे. रोज बाकावर बसून स्वतःशीच बुद्धिबळ खेळणारे हे निवृत्त मास्तर म्हणजे आमच्या माहितीपटाचे नायक.

एका दुपारी ताईने एडिटिंगच्या खोलीत बोलावलं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, घरात कुणीतरी गेलं.

"हे काय आहे?"

पडद्यावर मास्तर प्यादं उचलत होते. पण धूसर! आणि त्यांच्या खांद्यामागे, पार लांब, कठड्याशी वाकलेला रंगारी... लख्ख. त्याच्या कोपरावरचा रंगाचा ठिपकासुद्धा दिसत होता.

"हा शॉट बघ. झोपाळ्यावरची पोरं धूसर, तो लख्ख. बदकं धूसर, तो लख्ख!" ताई कडाडली. "फोकस कुणी लावलाय हा?"

फोकसची रिंग माझ्याच तर बोटांत होती! म्हणजे माझ्या बोटांना सगळं ठाऊक, आणि मला पत्ताच नाही? मी प्रेमात पडले होते, आणि ते मला पडदा सांगत होता!

"माहितीपट बागेवर आहे की या बाबावर?" ताईने कपाळावर हात मारला. "उद्या सगळं पुन्हा काढ. आणि त्याला काय ते एकदाचं सांगून टाक, म्हणजे मास्तर तरी दिसतील!"

दुसऱ्या दिवशी गेले, तर तो डब्यांची झाकणं लावत होता.

"काम संपलं," तो म्हणाला. "संध्याकाळची गाडी आहे. दुसऱ्या गावी पूल रंगवायचाय."

मी कॅमेऱ्याची पिशवी धपकन बाकावर ठेवली.

"तुमच्यामुळे माझं सगळं शूटिंग फुकट गेलंय!"

"माझ्यामुळे? मी तर पार लांब कठड्याशी असायचो!"

"असायचात. पण माझा फोकस तुमच्यावरून हलत नव्हता..." मी डोळे मिटून घेतले. "मला तुम्ही आवडता. मला कालच कळलं, तेही पडद्यावर!"

खण्णकन झाकण खाली पडलं. डोळे उघडले तर तो आ वासून माझ्याकडे बघत होता. मग कठड्याकडे बघत हळूच म्हणाला,

"लोखंडाला रंगाचे दोन हात पुरतात."

"मग?"

"तुमच्यासमोरच्या या तुकड्याला मी पाच दिलेत. मुकादम रोज शिव्या घालायचा... म्हणायचा, कठडा रंगवतोयस की नटवतोयस?"

पाच! मी तोंडावर हात ठेवला. दिवसभर कॅमेऱ्याला डोळा लावून बसणारी मी, आणि मला हे एकदाही दिसू नये?

"आणि तो पूल?" मी विचारलं.

"पूल कुठे पळून जातोय?"

त्याने पँटला तळवा खसाखसा पुसला आणि माझ्यापुढे केला.

"एक हात अजून द्यायचा राहिलाय... हा देण्याचा धीरच होत नव्हता."

मी त्या तळव्यावरचे रंगाचे डागच न्याहाळत राहिले. शेवटी बाकावरून मास्तर ओरडले, "अगं, धर की पोरी! कधीचा ताटकळत बसलोय मी!"

मी धरला.