बायजाबाईच्या तीन हाका

दहाच्या एस.टी.ने साकोलीला जायचं होतं आणि जागेश्वरराव आठ वाजल्यापासूनच दाढी करून, पांढरा सदरा घालून अंगणातल्या खाटेवर बसले होते. सदरा चुरगळू नये म्हणून पाठ अगदी ताठ. साठी उलटलेला माणूस, पण कॉलेजात आज आपला सत्कार आहे, शाल मिळणार, फोटो निघणार म्हटल्यावर स्वारी नवरदेवासारखी खुलली होती. ते बघून रुखमाला हसू येत होतं आणि त्याच वेळी धास्तीही वाटत होती. त्याला कारण तो सिनेमा; सत्काराआधी तोच दाखवणार होते.

सिनेमाला नाव होतं, पण घरात ते कोणी घेत नसे. 'तो सिनेमा', बस्स. पंचावन्न वर्षांपूर्वी याच गावच्या तलावावर त्याचं शूटिंग झालं होतं. दुष्काळात धानाचा मुलूख सोडून खडी फोडायला निघालेल्या मजुरांची ती गोष्ट. इकडच्याच एका शाळामास्तरांनी तिच्यावर कादंबरी लिहिली आणि पुढे पुण्याकडच्या मंडळींनी कादंबरीचा सिनेमा केला. निघालेल्या कुटुंबातलं पाच वर्षांचं पोर वाटेत तापाने जातं. बाप त्याला आटलेल्या तलावात पुरतो आणि गाठोडं उचलून पुढे चालू लागतो, कारण थांबलं तर काम जातं. त्या पोराच्या कामाला गावातलाच लहानगा जागेश्वर घेतला. कादंबरीत पोराचं नाव दुसरंच होतं, पण हे लेकरू दुसऱ्या नावाला वळूनही बघेना. शेवटी डायरेक्टर वैतागून म्हणाला, राहू द्या त्याचंच नाव. म्हणून पडद्यावरची माय ऊर बडवते ती 'जागेश्वर, जागेश्वर' करूनच.

जागेश्वरची खरी आई बायजाबाई तिथेच पारीवर, तलावाच्या बांधावर, उभी होती. आपलं जिवंत लेकरू, त्याच्या खऱ्या नावाने, गावच्याच मातीत पुरताना तिने पाहिलं. शॉट संपला, दिवे विझले, तरी पोर खड्ड्यातून उठेना. छातीपर्यंत पांढुरकी कोरडी माती, डोळे मिटलेले. मंडळी म्हणाली, दमून झोपलं बिचारं. बायजाबाईने सगळ्यांना बाजूला सारलं, खड्ड्याच्या काठावर बसली आणि तीन हाका मारल्या. "जागेश्वर, ऊठ बापू, घरी चाल." तिसऱ्या हाकेला आतून 'ओ' आली.

तेव्हापासून तिचा नेमच झाला. सिनेमा जिथे लागेल तिथे पोराला घेऊन जायचं, तो प्रसंग आला की तीन हाका मारायच्या आणि त्याने ओ द्यायची. जत्रेतल्या तंबूत झालं, सरपंचाच्या टी.व्ही.पुढे झालं. लोक खिदळायचे. मिसरूड फुटलेला जागेश्वर शरमून मान खाली घालायचा, पण ओ द्यायचा.

एकदाच चुकलं. रुखमाच्या लग्नाला दोन वर्षं झाली असतील. भंडाऱ्यात कुणीतरी तो सिनेमा लावला आणि गावात कोणाला पत्ताच नाही. रोवणीचे दिवस, धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल. दुपारी तीनच्या सुमारास बैलांमागे चालता चालता जागेश्वरराव उपडे पडले. बाहेर ओढून काढलं तर अंगभर काळा ओला चिखल आणि तोंडात मात्र मूठभर कोरडी पांढुरकी माती. रुखमाने आपल्या बोटांनी ती काढली होती. सासू धावत आली, हाका मारल्या, तेव्हा कुठे श्वास लागला. त्या दिवसापासून रुखमा सासूच्या नेमाला कधी हसली नाही.

मागच्या दिवाळीत बायजाबाई गेल्या. जाण्याआधी सुनेचा हात धरून म्हणाल्या, "आता तुले हाका माराव्या लागतीन, रुखमा. नाव घेऊन. लाजू नको."

अडचण नेमकी तीच होती. चाळीस वर्षांच्या संसारात रुखमाने नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलेलं नव्हतं. 'अवो', नाहीतर 'मनीषचे बाबा'. भर सभेत, कॉलेजच्या पोरांपुढे नवऱ्याला नावाने, तेही एकेरीत, हाक मारायची या विचाराने तिला एस.टी.तही घाम फुटत होता.

कॉलेजच्या हॉलच्या खिडक्यांना काळी कापडं लावली होती. बाहेर रणरणती दुपार आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. मराठी शिकवणारे हेमराज सर मोठे हौशी. त्यांनीच हा घाट घातला होता. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने जुनी रिळं धुऊनपुसून सिनेमा नवा केला होता, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

आणि तो खरंच नवा झाला होता. पूर्वी पडद्यावर पावसासारख्या रेघा पडायच्या, चेहरे धुरकट दिसायचे. आता तलावाची एक-एक भेग दिसत होती. फावड्याचा आवाज तर असा स्पष्ट, की जणू हॉलच्या मागेच कोणी खणत होतं. खर्र... धप्. खर्र... धप्. लहानग्या जागेश्वरच्या गालावर ढेकूळ फुटलं आणि पापणीवर बसलेले कणही रुखमाला दिसले. तिने शेजारी हात नेला. नवऱ्याचा हात थंडगार होता. पंख्याच्या वाऱ्यात आटलेल्या तलावाचा वास आला, उन्हाने करपलेल्या शिंपल्यांचा.

"अवो," ती कुजबुजली. "उठा... घरी चाला."

जागेश्वरराव हलले नाहीत. डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती. पडद्यावर माती गळ्यापर्यंत आली होती. रुखमाची लाज त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. भीतीपुढे लाज टिकत नाही.

"जागेश्वर, ऊठ बापू, घरी चाल." पुढच्या रांगेतली डोकी वळली. तिने पुन्हा हाक मारली. कोणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला.

"ओ..." जागेश्वरराव म्हणाले, आणि खोल विहिरीतून वर आल्यासारखा त्यांनी श्वास घेतला.

रुखमाला रडूच आलं. निभावलं एकदाचं, सासूबाईंनी टाकलेलं ओझं पेललं, असं तिला वाटलं. सत्कार झाला, टाळ्या झाल्या, जागेश्वररावांनी शाल अंगावरून उतरवली नाही. मग चहाच्या वेळी हेमराज सरांनी शेवटची गोड बातमी सांगितली. आजपासून हा सिनेमा मोबाइलवर सगळ्यांना फुकट बघायला मिळणार. कुठेही, केव्हाही.

त्या बातमीचा अर्थ रुखमाच्या डोक्यात शिरायच्या आत पोरापोरींनी मोबाइल काढले होते. एका मुलीने नेमका तोच प्रसंग पुढे सरकवून लावला आणि काकांच्या चेहऱ्याशेजारी मोबाइल धरून फोटो काढला. जागेश्वरराव खोकले. रुमाल तोंडाशी नेला, आणि रुमालावर पांढरी भुकटी उतरली. रुखमाने तीन हाका मारल्या, ओ आली. तोवर दुसरा मोबाइल पुढे आला होता, आणि पलीकडे तिसरा.

एस.टी.त बसल्यावर आजूबाजूला कोणाचाच मोबाइल चालू नव्हता. तरी लाखनीच्या अलीकडे ते खोकले. गावच्या फाट्यावर उतरताना खोकले. कुठेतरी, कुण्या अनोळखी घरात, कोणीतरी तो प्रसंग बघत होतं. तंबूत सिनेमा लागला की कळायचं तरी. आता ना गाव कळत होतं ना वेळ. रुखमा हाका मारत राहिली. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसला, आणि एका ओनंतर दुसरी यायच्या आत जागेश्वररावांचा चेहरा काळानिळा पडू लागला.

तिने सुनेकडून हेमराज सरांना फोन लावून घेतला. सर भले माणूस, हसले नाहीत. डॉक्टरांना दाखवा म्हणाले, सिनेमा काढून टाकणं माझ्या हातात नाही म्हणाले, मुंबईला पत्र लिहितो म्हणाले. पत्र पोचेपर्यंत नवऱ्याचा जीव राहील का, हे त्यांना कसं विचारायचं ते रुखमाला सुचलं नाही.

शेवटी तोड काढली ती सुनेने. डिंपल बारावी शिकलेली, मोबाइलमध्ये हुशार. सासऱ्यांच्या तोंडातून माती पडताना तिने डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे तिला पटवावं लागलं नाही. ती म्हणाली, "आई, सिनेमाच्या खाली लोकायले लिहिता येते. जो पाहील त्यालेच सांगू ना, हाक मार म्हनून. तुमी एकट्या किती जनायले पुरसान?"

तिने तिथल्या तिथे लिहिलं, की हा प्रसंग बघाल तेव्हा मुलाला तीनदा मोठ्याने म्हणा, जागेश्वर, ऊठ बापू, घरी चाल. खाली आपलं आणि गावाचं नाव टाकलं. लोकांना गंमत वाटली. कोणी हसण्यावारी, कोणी खरंच कळवळून, पण हाका मारू लागले. डिंपल एकेक वाचून दाखवत होती, नाशिकहून मारली, सुरतेहून मारली, दुबईहून एका बाईने मारली.

आणि गुण आला. खोकला थांबला. जागेश्वरराव खाटेवर पडल्या पडल्या हळूच ओ देऊ लागले, कधी दाराकडे बघून, कधी आढ्याकडे, कधी भिंतीकडे तोंड करून. 'ओ... ओ...' रुखमाने बसल्या घशाने सासूच्या फोटोला हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तर ओ देणंही थांबलं. चेहरा शांत, श्वास संथ. दुपारी ते उठून बसले आणि जेवायला मागितलं. रुखमाने गरम भात वाढला, वर वरण, आणि कालपासून तिच्या छातीवर असलेला दगड उतरला.

ते जेवत असतानाच डिंपलचा फोन वाजला. गल्लीतलाच डोमा. दरसाल धान निघाले की बायकापोरं घेऊन तेलंगणात वीटभट्टीवर जायचा. डिंपलने दोन वाक्यं ऐकली आणि आवाज मोठा करून फोन सासूपुढे धरला.

"काकी," डोमा दबक्या आवाजात बोलत होता, "काका घरी हायेत ना?"

"हाव, जेवून राहिले. काहून रे?"

"काल आमी भट्टीवर तो सिनेमा पाहिला. सारे जन. आपल्यासारख्याच लोकायचा हाये म्हनून. डिंपलवहिनीनं लिवलं होतं तं साऱ्यायनं मिळून हाका मारल्या, ऊठ, घरी चाल..." तो थांबला. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. "आज सकाळी भट्टीमागून एक पोरगा आला, काकी. पाचेक वर्षांचा. अंगभर पांढरी माती. आमाले वाटलं वडाऱ्यायचा असन. नाव विचारलं तं जागेश्वर सांगते. मायचं नाव बायजा सांगते."

रुखमाने डिंपलच्या हातातून फोन घेतला.

"भूक लागली म्हने, तं माह्या बायकोनं भात देल्ला. पोरायसंगं बसून खाऊन राहिला. तुमी हाक मारली म्हनून आलो म्हनते... काकी, त्याले घेऊन येऊ का मी?"

रुखमा वळली. खाटेवर तिचा नवरा खाली मान घालून भात कालवत होता. तेच पांढरे केस, उजव्या कानावरचा तोच तीळ. तिला कशाचीही लाज उरली नव्हती. उरलासुरला आवाज गोळा करून तिने हाक मारली, "जागेश्वर..."

खाटेवरून नाही, फोनमधून, घास तोंडात असल्यासारखी, एक बारीक ओ आली.

खाटेवरच्या म्हाताऱ्याने ती ऐकली. घास हातातच धरून त्याने मान वर केली, रुखमाकडे पाहिलं, आणि परक्या घरच्या बाईशी बोलावं तसं अदबीने विचारलं, "कोनाचं लेकरू हाये, बाई?"