धवल्यातलं शेवटचं नाव

ही गोष्ट खरी आहे. दामाजी माझा चुलत मेहुणा. पटत नसेल त्याने ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जाऊन त्याला विचारावं. तो चिडेल, पण नाही म्हणणार नाही.

१९९९ सालच्या मे महिन्यातली दुपार. दुसऱ्या दिवशी त्याच्या लेकीची, शेवंतीची हळद.

आमच्यात हळदीला धवला गातात. गाणारी धवलारीण देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना, ती गेली त्या क्रमाने, नाव घेऊन बोलावते. मागच्या बाया तेच नाव पुन्हा गातात. दामाजीची बायको मंजुळा धवलारीण होती. मुंबईच्या एका स्टुडिओवाल्याने त्यांच्या घरचा धवला तिच्याकडून नव्या तऱ्हेच्या डिस्कवर भरून घेतला होता. मागच्याच पावसाळ्यात ती वारली.

लेकीच्या हळदीला आईनेच बोलावणं करावं, एवढंच दामाजीला हवं होतं. त्यासाठी त्याने दुबईहून डिस्कचा प्लेअर आणि त्याचा आवाज स्पीकरला देणारा रिसीव्हर मागवला.

डिस्क घातली...

काहीच नाही.

सिनेमे वाजत. ही डिस्क घातली की रिसीव्हर मुका. दामाजीने वायरी उपटल्या, लावल्या, रिसीव्हरच्या सात पिढ्या उद्धारल्या. शेवटी कल्याणहून रेडिओ-टीव्हीचा दुकानदार भगवानला बोलावलं.

तो म्हणाला, डिस्क शहाण्णव किलोहर्ट्झवर भरलेली आहे, रिसीव्हरची धाव अठ्ठेचाळीसपर्यंत. प्लेअरमधून आवाज अठ्ठेचाळीसवर उतरवून दिला की वाजेल.

वाजला. बाया गायला लागल्या...

मंजुळा नव्हती.

तिच्या ओळीच्या जागी नुसती शांतता. मग बायांनी तिच्या सासऱ्याचं नाव घेतलं, गुणाजी. शांतता. मग सासूचं, चंद्रभागा. शांतता...

मंजुळा.

डिस्क भरली तेव्हा ती जिवंत होती.

पुन्हा शांतता... या वेळी बाया गायल्याच नाहीत.

"दादा, आवाज उतरवला की थोडा गळतो," भगवान हळूच म्हणाला. "पण अख्खी बाई गळत नाही."

लाल-पांढऱ्या वायरीतून आहे तसा पूर्ण आवाज येईल, असं सांगून तो घाईने निघून गेला. वायर दामाजीनेच लावली.

मंजुळा आली. शेजारी बसून गावं तशी. सासऱ्याचं नाव. सासूचं. स्वतःचं. मग एक श्वास...

आणि एक नाव.

आवाज ऐकून शेवंती मागच्या दारातून धावत आली.

"बाबा, आय गात होती ना? शेवटी कोनाला बोलावलं तिनं?"

"कोनाला नाय गो. हा डबडा वाजवतच नाय," दामाजी म्हणाला आणि वायर उपटली.

हळदीला धवला दुसऱ्या एका धवलारणीने, मनुबाईने गायला. लग्न नीट पार पडलं. ते नाव दामाजीने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी विचारलं की रिसीव्हरला शिव्या घालतो.

पण शेवंतीच्या सासरहून फोन आला की हॅलोही म्हणत नाही. आधी विचारतो...

"सगली हायत ना?"