सारंगावरचा राग

होडीच्या काठावरून वाकून रोहिणी बाटलीत पाणी भरत होती, तेवढ्यात मोठी लाट आली आणि होडी उलटली. सावरून पाहते तर ती स्वतः काठच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेली, आणि शेजारी होडीवाली सरुबाई मनगट धरून कण्हत होती. लाट उठवणारी बार्ज, कोळसा वाहणारी अवजड सपाट बोट, न थांबता धक्क्याकडे निघून गेली.

रोहिणी सिल्वासाच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. कारखान्यांच्या कडेकडेने आलेली दमणगंगा समुद्राला मिळते, तिथल्या खाडीचं पाणी तिला तपासायला न्यावं लागे. एका काठावर क्रेन आणि गोदामं, दुसऱ्या काठावर तिवरांचं खाजण, आणि मधल्या अरुंद पात्रातून दिवसभर बार्जेसची नि मासेमारी बोटींची ये-जा.

सरुबाईला तिच्या सुनेच्या हवाली करून रोहिणी तशीच, चिखलाने माखलेली, धक्क्यावर गेली. बार्ज चालवणारा सारंग दोर बांधत होता. योगेश त्याचं नाव. रत्नागिरीकडचा, सावळा, शांत डोळ्यांचा. तिचा अवतार पाहून त्याच्या ओठांवर हसू आलं... आणि तिचं डोकंच फिरलं.

“हसताय? त्या बाईचा हात मोडला असता. डोळे कुठे ठेवून बार्ज चालवता?”

त्याचं हसू मावळलं. भरती उतरत होती, उशीर झाला असता तर बार्ज गाळात बसली असती, असं तो हळूच म्हणाला.

“मग बसू द्यायची. लोखंड गाळात बसलं तर पुढच्या भरतीला निघतं. माणूस निघत नाही.”

त्याने दोराची गाठ आवळली आणि सरुबाईची होडी कुठे आहे, एवढंच विचारलं.

पुढच्या खेपेला ती आली, तर योगेश सरुबाईच्या होडीची फुटकी फळी बदलत बसलेला. हातांना डांबर, केसांत भुसा. रोहिणीला याचाही राग आला. फळी ठोकली म्हणजे सुटलात असं समजू नका, तिने बजावलं.

“नाही समजत,” तो मान खाली घालूनच म्हणाला. “तुम्ही रागवायला येता, तेवढं पुरे.”

“मी पाणी न्यायला येते.”

“पाणी तिकडे आहे,” त्याने खाडीकडे बोट दाखवलं.

तिने तोंड फिरवलं, पण कान तापले होते. सिल्वासाच्या बसमध्ये त्याला ऐकवायची आणखी वाक्यं ती मनात जुळवत राहिली... आणि प्रत्येक वाक्याला त्याचे डोळे आडवे येत राहिले.

मग एके दिवशी योगेशची बार्ज आत येत असतानाच ओहोटी लागली. खाजणाच्या कडेला खेकडे धरणाऱ्या बायकांच्या होड्या होत्या. त्याने वेग उतरवला. होड्या जेमतेम डुलल्या. पण पाणी सरलं आणि बार्ज पात्राच्या मधोमध गाळात तिरकी बसली. मागच्या बोटी खोळंबल्या, भोंगे वाजू लागले. भरतीला बार्ज सुटून धक्क्याला लागली, तेव्हा मालकाने सगळ्यांदेखत योगेशला कामावरून काढलं.

सरुबाईने हे रोहिणीला फोनवर सांगितलं. त्याने आपलं ऐकलं म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. झाला तो संताप.

रोहिणीच्या सुट्टीच्या दिवशी योगेश सिल्वासातल्या आमलीत तिच्या चाळीसमोर उभा राहिला. पत्ता सरुबाईनेच दिला होता. रोहिणी धाडधाड जिना उतरून खाली आली.

“नोकरी घालवलीस? मालक माजलेला आहे, ठाऊक नव्हतं तुला?”

“आज ‘तू’वर आलात,” तो म्हणाला.

“विषय बदलू नकोस. मला विचारायचं तरी होतंस.”

“विचारलं असतं... पण तुम्ही माझ्या कोण, हेच ठरलं नव्हतं. तेच विचारायला आलोय.”

कारखान्यातली पाळी संपवून सुटलेले कामगार त्यांच्याकडे बघत सायकली दामटत गेले. तिची आई मंजुळाबाई वरून विचारत होती, कोण आलंय म्हणून. रोहिणीचे डोळे भरून आले. कोळशाच्या घाईपायी माणसांना चिखलात लोटणाऱ्यांवरचा तिचा राग तसाच होता. समोरच्या या माणसावर मात्र तो टिकतच नव्हता.

“माझा राग अजून गेलेला नाही,” ती तरीही म्हणाली.

“आणि गेलाच नाही तर—?”

“तर रागातच हो म्हणते,” असं म्हणून तिने त्याची बाही धरली आणि त्याला आईसमोर घेऊन गेली.