अजून जरा ठळक

सासूबाईंनी जावयाला कामाला लावायचं म्हणजे काम एकच असायचं, कॉम्प्युटरचं. नळ गळला तर नळवाला, दिवा गेला तर वायरमन, पण कॉम्प्युटरने नुसतं हूं की चूं केलं तरी फोन जावयाला. तोही बिचारा धावत यायचा. एका मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळायची नोकरी त्याची. दिवसभर यंत्रांच्याच विनवण्या करायच्या, त्यात घरच्या यंत्राची एक जास्त, एवढंच.

या खेपेला मात्र प्रकरण साधं नव्हतं. सासूबाई मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरलं, असं त्या हसत सांगायच्या. आता त्यांच्या डोळ्यांनीच दगा द्यायला सुरुवात केली होती. नजरेच्या मधोमध धुरकट डाग पडला होता, आणि चष्म्याने हे सुधारायचं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं. त्यात वनस्पतींवरचा एक जाडजूड ग्रंथ अर्धवट हातात. छापखान्याचे मालक भला माणूस, पण त्यांनीही आडूनआडून विचारलं होतं, जमेल ना, की दुसऱ्या कुणाला देऊ?

"दुसऱ्या कुणाला म्हणे!" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, सकाळी उठून बसायला हे एवढंच तर उरलंय मला. हे गेलं की झालंच की माझं." त्या हसल्या.

कॉम्प्युटर सासऱ्यांचा होता. सासरे अक्षरं काढायचे. आधी कागदावर ब्रशने, मग टाइप ओतणाऱ्या कारखान्यात, आणि शेवटी या कॉम्प्युटरवर. नवराबायकोची कामाची एक पद्धत होती. ते अक्षर काढायचे, त्या समोर खुर्चीत बसून बोलायच्या. "अहो, जरा जाड. छे, आता पोट सुटलं त्याचं. हं, बास, हात लावू नका आता." तसं करत करत त्यांनी आपला शेवटचा फॉन्ट बराचसा पुरा केला होता. काही जोडाक्षरं तेवढी काढायची राहिली आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले.

जुनं यंत्र रडतखडत चालायला लागलं, म्हणून जावयाने जुनी प्रणाली काढून त्यावर लिनक्स घातलं. यंत्र पळायला लागलं खरं, पण अक्षरांची पार दशा झाली. कडा फाटलेल्या, उभ्या काठीला एकीकडे लाल आणि दुसरीकडे निळी किनार. जावई बाह्या सरसावून बसला. पडदा म्हणजे शेवटी नुसते ठिपके, त्यांच्यावर अक्षराची वळणं कशी बसवायची ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं. ठिपक्यांतल्या रंगांचा क्रम उलटा पडला होता, तो सुलटा केला. किनार गेली. कडा मऊ केल्या, आकार वाढवला, सासऱ्यांचा फॉन्ट लावला आणि ऐटीत म्हणाला, "घ्या, आई. बघा आता."

सासूबाईंनी मान तिरकी करून बघितलं. "हे मधेच कोण आगंतुक?"

"बाबांनी जी जोडाक्षरं काढली नाहीत ना, ती यंत्र दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणतं."

"दिसतंय. पण खटकतंय," असं पुटपुटत त्या कामाला लागल्या.

पुढच्या रविवारी तो बायकोबरोबर जेवायला गेला, तेव्हा पडद्यावर आगंतुक नव्हते. सगळी जोडाक्षरं एका हातची होती. तेच सैल खांदे, शेवटाला तोच किंचित थबकलेला फराटा. जावयाला वाटलं, बाबांनी काढून ठेवली असतील, आपल्यालाच आधी सापडली नाहीत. त्याने फॉन्टची फाइल उघडून बघितली. जोडाक्षरांच्या जागा रिकाम्या होत्या, आणि फाइलला शेवटचा हात लागला होता तो सासरे आजारी पडायच्या आधी.

यंत्र जुनं काहीतरी धरून बसलं असेल, असं म्हणून त्याने साठवलेलं सगळं पुसलं आणि यंत्र बंद करून चालू केलं. अक्षरं तशीच. मग त्याने पडद्याचं चित्र टिपून स्वतःच्या मोबाइलवर घेतलं. त्या चित्रात मात्र आगंतुक होते, जागच्या जागी. तो मोबाइलकडे बघे, पडद्याकडे बघे. जेवणात त्याचं लक्ष लागलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, डोकं दुखतंय."

तेव्हापासून तो आठवड्यात मधेअधे काहीतरी निमित्त काढून जायला लागला. दुपारच्या उन्हात सासूबाई पडद्यासमोर बसलेल्या असायच्या आणि तोंडाने बारीक आवाजात चाललेलं असायचं. "अजून जरा ठळक. डावीकडे बुजलंय बघा. हं. आता कसं!" आणि त्याच्या देखत उभ्या काठ्या केसभर जाड व्हायच्या. सेटिंगमध्ये आकडा होता तोच असायचा.

हळूहळू अक्षरं वाचता येईनाशी झाली. म्हणजे त्याला. काठ्या फुगल्या, मधल्या जागा कुठल्या कुठे सरकल्या, वळणं मधोमध फाकून बाजूला गेली. सासूबाईंचं काम मात्र सपाटून चाललं होतं. छापखान्याच्या मालकांचा फोन आला, की इतकं बिनचूक काम त्यांनी तरुणपणीही केलं नव्हतं.

"आई, तू हे वाचतेस तरी कसं गं?" बायकोने एकदा वाकून बघत विचारलं. "मला तर सगळं गिचमिड दिसतंय."

"तुमचे डोळे धड आहेत ना, म्हणून," सासूबाई सहज म्हणाल्या.

जावई भ्याला होता, आणि भ्यालेला माणूस काहीतरी दुरुस्त करायला जातो. बायको आईला डोळे तपासायला घेऊन गेली होती, तेवढ्यात त्याने सगळी सेटिंग पुसली, फॉन्ट काढून परत घातला. पडदा लख्ख झाला. सुबक अक्षरं आणि मधेमधे आगंतुक. त्याला इतकं बरं वाटलं, की तो शीळ घालत होता.

सासूबाई आल्या, बसल्या. मग पडद्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "अहो? कुठे गेलात?"

त्यांना एक अक्षर दिसत नव्हतं. ग्रंथाचं शेवटचं प्रकरण उरलं होतं. त्या रडल्या नाहीत, नुसती चष्म्याची काडी मिटत-उघडत बसल्या, आणि ते बघून जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सगळं उलट करून पाहिलं. आधीचा आकडा न् आकडा परत भरला. काही उपयोग झाला नाही.

शेवटी तो पडद्यासमोर उभा राहिला. आपण सर्व्हर सांभाळणारे, चार लोकांत मान असलेले, हे विसरून त्याने हात जोडले. "बाबा, चुकलं माझं. मी घाबरलो. आईंना दिसू द्या."

"असं हातबित नाही जोडायचे त्यांच्यापुढे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "संकोचतात ते. नुसतं काय खटकतंय ते सांगायचं." आणि त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. "अहो, काहीच दिसत नाहीये हो. जरा जाड करा. अजून. मधलं नको, मधे माझा डाग आहे. कडेला घ्या."

जावयाच्या डोळ्यांदेखत सुबक अक्षरं पसरत गेली, विस्कटली, ओळख विसरली. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्याला भीती वाटली नाही असं नाही, पण त्याहून जास्त आनंदच झाला. तिथल्या तिथे त्याने ठरवून टाकलं, या यंत्राला पुन्हा हात म्हणून लावायचा नाही.

ग्रंथ पुरा झाला. मालक स्वतः पेढे घेऊन आले आणि पुढचं काम ठेवून गेले. डोळ्यांच्या पुढच्या तपासणीला जावई सोबत गेला. भिंतीवरच्या तक्त्यातलं सगळ्यात मोठं अक्षरही सासूबाईंना सांगता आलं नाही. त्या बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "यांना आता उजेड आणि अंधार, एवढंच कळत असणार. वाचणं विसरा."

त्याने मान डोलावली आणि त्यांना घरी आणलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि थेट कामाला बसल्या.

जावई त्यांच्या मागे उभा राहिला. पडद्यावर आता गिचमिडही उरली नव्हती. वरपासून खालपर्यंत पांढरं, कोऱ्या कागदासारखं. त्यावरून सासूबाई ओळीमागून ओळ वाचत होत्या, मधेच थांबून चूक सुधारत होत्या, स्वतःशी हसत होत्या. त्याला भरून आलं. सासऱ्यांशी चार शब्द जास्त बोलायला हवे होते, असं वाटलं.

बायको चहा घेऊन आली. आईच्या खांद्यावर हात ठेवून तिने सहज पडद्याकडे बघितलं.

"अगंबाई!" ती खुशीत म्हणाली. "आज किती स्वच्छ दिसतंय गं, आई." आणि तिने एक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई आत्ताच वाचून गेल्या होत्या, तीच.

जावयाने पडद्याकडे बघितलं. पांढरं.

सासूबाईंची बोटं कळांवर थांबली होती. लेकीचा हात त्यांनी खांद्यावरच घट्ट धरून ठेवला. मग पडद्याकडे तोंड करून, कुणाला समजवावं तशा अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"अहो, तिच्या डोळ्यांचं इतक्यात नको ना."