आबांच्या कावळ्याचं लाईव्ह

आबांना जाळून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा लेक विजयसिंह शहरात राजारामपुरीत गेला. काम साधंच होतं. रक्षाविसर्जनाचं सामान घ्यायचं आणि जाता जाता त्या लोकल चॅनेलच्या हापिसात डोकवायचं. हापिस कसलं, शिकवणीच्या क्लासच्या वर घेतलेल्या दोन खोल्या. एकीत निळा पडदा, टेबल आणि सम्राट नावाचा बातम्या वाचणारा. दुसरीत वायरींचं भेंडोळं.

ह्या चॅनेलची ख्याती साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. बातमी साखर कारखान्याची आणि चित्र कुणाच्या तरी बारशाचं. सम्राट विचारणार, आवाज येतोय का? आणि तिकडचा बातमीदार नंदीबैलासारखा नुसती मान हलवत उभा. एकदा तर एका जित्या माणसाच्या फोटोला हार घालून श्रद्धांजली वाहिली. तो माणूस समोर ताट घेऊन बसला होता, त्यानं ते बघितलं आणि घास तसाच तोंडात राहिला. लोक शिव्या घालायचे आणि रोज संध्याकाळी तेच लावायचे. शिव्या घालायला माणसाला काहीतरी लागतंच.

"उद्या सकाळी आबांची रक्षा हाय," विजयसिंह म्हणाला. "कावळा शिवताना लाईव्ह दाखवायचं."

सम्राट हसला. "साहेब, मंत्र्याचं लाईव्ह केलंय, म्हशीच्या शर्यतीचं केलंय. कावळा काय आमच्या टायमाला येतोय व्हय?"

"आबांचा कावळा हाय. येतोय की."

आमच्याकडं तिसऱ्या दिवशी राख सावडली की मेलेल्या माणसाला जे जे आवडायचं ते पानावर मांडतात आणि सगळी लांब जाऊन उभी राहतात. मग जवळचा माणूस मोठ्यानं सांगतो, काळजी करू नका, मी सांभाळतो. कावळा शिवला तर मेलेल्याचं मन निवलं. लोक टोप्या सारख्या करतात आणि घरला जातात. नाही शिवला तर काहीतरी अडकलंय. मग एकेक इच्छा आठवायची, एकेक शब्द द्यायचा. शब्द पटला की कावळा येतो.

आबा उचगावच्या दूध डेअरीचे जन्मभराचे चेअरमन. मरायच्या आधी थोडे दिवस चार माणसांत बोलून बसले होते, "पोरगं बिनकामाचं हाय. खुर्चीवर माझी प्रियदर्शनी बसंल." प्रियदर्शनी म्हणजे विजयसिंहाची धाकटी बहीण. आणि मग एका दुपारी जेवण करून आडवे झाले, छातीत कळ आली, संपलं. आता नवा चेअरमन निवडायचा होता. साऱ्या जिल्ह्यासमोर विजयसिंहानं म्हणायचं, आबा, डेअरी मी सांभाळतो, आणि कावळ्यानं पानावर चोच मारायची. मग कोण काय बोलणार? बहिणीचं तोंड बंद, गावाचं तोंड बंद. एवढ्यासाठी चाललं होतं सगळं. बापासाठी कोण लाईव्ह करतंय?

सकाळी स्मशानात दव होतं. चितेवर दूध-पाणी मारलेलं, त्यामुळं ओल्या राखेचा तो वास सुटलेला, जो कपड्यातनं धुतला तरी जात नाही. पलीकडं बाभळीवर कावळे बसले होते. बरेच होते. पण ओरडत नव्हते. कावळा गप बसलेला तुम्ही कधी बघितलाय? नुसते मान तिरकी करून खाली बघत होते.

पानावर खर्डा, भाकरी, वाटीत तांबडा रस्सा, आणि बाजूला पेटवून ठेवलेली विडी. फाटकाजवळ मांडव घातला होता. तिथं विजयसिंहानं मोठा टीव्ही आणि भोंगा लावून घेतला होता, मागच्या लोकांना दिसावं, ऐकू यावं म्हणून.

शाहबाज नावाचा चॅनेलचा पोरगेला बातमीदार आला. त्यानं विजयसिंहाच्या पांढऱ्या शर्टाला छोटा माईक टोचला, कानात ऐकायचं बोंडूक बसवलं.

"ह्यातनं सम्राटदादा प्रश्न विचारतील. विचारलं की बोलायचं. न्हाईतर तोंड मिटून कॅमेऱ्याकडं बघायचं. चित्र सारखं जाणार हाय."

"आणि त्यो मांडवातला टीव्ही?"

"त्यो मागनं बोलतोय साहेब. तुम्ही आत्ता बोलला की तिकडं जरा येळानं ऐकू येतंय. तिकडं ध्यान देऊ नका, गोंधळ हुतोय."

विजयसिंह पुढं झाला. हात जोडले. आवाज चांगला जड केला.

"आबा, काळजी करू नका. डेअरी मी सांभाळतो."

मागनं मांडवातला भोंगा म्हणाला, आबा, काळजी करू नका. डेअरी मी सांभाळतो.

बाभळीवर पान हललं नाही. त्यानं परत सांगितलं. कावळ्यांनी माना दुसरीकडं वळवल्या. लोकांत खुसपूस सुरू झाली. त्याची आई, शालूबाई, पदर तोंडाला लावून उभी होती. प्रियदर्शनी म्हणाली, "दादा, आईला सांभाळतो म्हण की. डेअरी डेअरी काय लावलंयस?"

"आईला सांभाळतो आबा."

काही नाही. विडी विझत आली.

कानात सम्राट बोलायला लागला, "तर विजयसिंह, आबांची शेवटची इच्छा..." आणि खरखर सुरू झाली. वाळू चाळल्यासारखी. सम्राट त्या खरखरीत बुडाला. मग खरखर पण थांबली आणि नुसता श्वास ऐकू यायला लागला. लांब, ओला, मधे अडकणारा. छातीवर जातं ठेवलेला माणूस घेतो तसा.

"...इज्या..."

विजयसिंहाला इज्या म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याची राख समोर होती.

"...इज्या... गोळी दे की रं..."

कॅमेरा नाकासमोर होता. त्यानं ओठ घट्ट मिटले, दात दातावर दाबले आणि मनातल्या मनात म्हटलं, आबा, गप बसा.

"...जिभंखाली ठेवायची गोळी... कुठं हाय?"

मला काय ठावं.

"...तुझ्या वरच्या खिशात... पट्टी दिसत हुती की मला..."

दिसत हुती तर उठून घ्यायची हुती. लई वाघ म्हणवून घेत हुता.

"...हात केला हुता मी..."

केला हुता. मी मागं सरलो.

"...भाड्या... किती येळ उभा हुतास रं?"

तुमचं पाय हालायचं थांबेस्तवर.

हे सगळं मनात. ओठ हलला नाही, गालाची शीर हलली नाही. बाप मेल्याचं दुःख गिळणारा लेक कसा दिसतो, अगदी तसा तो कॅमेऱ्यात उभा होता. आणि मग मांडवातला भोंगा, जरा मागनं, त्याच्याच जड आवाजात बोलला.

आबा, गप बसा.

खुसपूस थांबली.

मला काय ठावं.

कुणीतरी टोपी काढली. विजयसिंहाची मान वळेना. पुढं काय येणार ते त्याला ठाऊक होतं, ते येऊन गेलेलं होतं, आता फक्त मांडवापर्यंत पोचायचं होतं. त्यानं माईक ओरबाडला, शर्ट फाटला, माईक ओल्या राखेत जाऊन पडला. भोंगा बोलतच राहिला. लई वाघ म्हणवून घेत हुता. केला हुता. मी मागं सरलो. सबंध उचगाव ऐकत होतं. राजारामपुरीतल्या दुकानांत, पार तिकडं मलकापूरच्या बाजारात लोक चहाचा कप हातात धरून ऐकत होते.

तुमचं पाय हालायचं थांबेस्तवर.

आणि बाभळीवरनं कावळे उतरले. एक नाही, सगळे. भाकरी, खर्डा, रस्सा, सगळं चोचीनं फाडून काढलं, पानसुद्धा ठेवलं नाही. आबा आयुष्यात एवढं आवडीनं कधी जेवले नव्हते.

शाहबाज कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात बघत होता. "साहेब... तुमचं तोंड... तोंड तर मिटलेलं हाय की सगळा येळ..."

कुणी अंगावर धावून आलं नाही. धावून आले असते तर बरं झालं असतं. प्रियदर्शनीनं पदर खोचला आणि लोकांना रीतीप्रमाणं सांगितलं, "कावळा शिवला. आबा सुटलं. चला घरला."

सगळे निघाले. त्याच्याकडं न बघता, एकामागनं एक. पोलिसांची गाडी आली तेव्हा स्मशानात तो, राख आणि कावळे एवढंच होतं. ठाण्यात पण टीव्ही लावलेला होता, म्हणून ती गाडी न बोलावता आली होती.

संध्याकाळी त्याला ठाण्याच्या बाकावर बसवलं. भिंतीवर तोच टीव्ही, तेच चॅनेल. सम्राट कचऱ्याच्या गाड्यांची बातमी वाचत होता, सकाळपासनं त्याचा चेहरा उतरलेला. विजयसिंह खाली मान घालून बसला होता. मनात काही येऊ नये म्हणून तो पाढे म्हणत होता. शाळेत असताना आबांनी वेताच्या छडीनं पाठ करून घेतलेले. सात एके सात. सात दुणे चौदा.

जरा वेळानं कचऱ्याच्या बातमीखालनं टीव्ही हळू आवाजात म्हणाला, सात एके सात. सात दुणे चौदा.

हवालदार पहिल्यांदा हसला. "बघा की, तुरुंगात जायच्या आधी शाळा भरली." मग त्यानं विजयसिंहाच्या मिटलेल्या ओठांकडं बघितलं आणि त्याचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. सम्राट वाचायचा थांबला. तो पण ऐकत होता. इकडं तिकडं बघत म्हणाला, "आम्ही... तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत," आणि तरी पाढे थांबले नाहीत.

तेवढ्यात शालूबाई आली. डब्यात झुणका-भाकरी होती. लेकाला फासावर जरी न्यायचं असलं तरी आधी खायला घालणारी बाई. तिनं हवालदाराला विचारलं, "दिऊ का जी?" आणि लेकाशेजारी बाकावर बसली. डब्याचं झाकण काढलं.

"खा."

"आई... तू तरी इश्वास ठेव. मी त्येंना मारायला..."

"खा म्हणते न्हवं."

तिनं भाकरी मोडली. एक तुकडा त्याच्या तोंडापुढं धरला. तिचं तोंड मिटलेलं होतं, पातळ ओठ, आतनं शिवल्यासारखे. जन्मभर मिटलेलंच होतं ते. आबा कंबरेत लाथ घालायचे तेव्हासुद्धा उघडलं नव्हतं.

आणि टीव्हीतनं शालूबाईचा आवाज आला. सावकाश, भाकरी थापताना बोलावं तसा.

गोळ्याची दुसरी पट्टी माझ्या कनवटीला हुती. मी दाराआड उभी राहून बघत हुते. लेकरू देईना, मग मी कशाला दिऊ?

विजयसिंहाच्या तोंडात घास होता. तो त्यानं ना गिळला, ना थुंकला. शालूबाईनं दुसरा तुकडा मोडला.

ठाण्यात कागद हलायचे थांबले. हवालदार जागेवरच, हातातलं पेन हातात. मागं दोघं शिपाई. दारात तक्रार द्यायला आलेला एक पावणा. टीव्ही बंद करायचं प्रत्येकाला सुचलं होतं, पण उठलं कुणीच नाही. उठणाऱ्याकडं सगळे बघणार होते, आणि हा का उठला ते त्यांना कळणार होतं. मग सगळ्यांनी जमिनीकडं बघितलं आणि मनात काही येऊ नये म्हणून जो तो आपापल्या परीनं झगडायला लागला. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी पाढे.

पडद्यावर सम्राटनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

मग टीव्हीत कुणीतरी घसा खाकरला. तिसराच आवाज होता, पुरुषाचा. अजून शब्द फुटला नव्हता. पण ठाण्यातल्या एकेका माणसाला वाटलं, हा आपलाच.